घर आणि आरोग्य : स्वच्छतेला वास नसतो

दसरा सरतो न सरतो तोच घरोघरी दिवाळीच्या साफसफाईला प्रारंभ होतो. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, मोऱ्या घासून निघतात, आणि दारातून आत येणारा पाहुणा कौतुकाने म्हणतो, "घर कसे स्वच्छ वाटते आहे!" या कौतुकात डोळ्यांपेक्षा नाकाचा वाटा अधिक असतो, कारण त्याला फिनेलचा वास आलेला असतो. आपल्या इंदूरने २०१७ साली देशातील स्वच्छ शहरांत पहिला क्रमांक मिळवला आणि पुढेही वर्षानुवर्षे राखला, याचा आपणा सर्वांस रास्त अभिमान आहे. रस्ते निर्मळ झाले. आता बंद दारांआडच्या हवेचाही विचार व्हावा, म्हणून हे टिपण.

भगिनींनो, एखाद्या वस्तूचा वास येतो तेव्हा त्या वस्तूचेच सूक्ष्म रेणू हवेतून आपल्या नाकात शिरलेले असतात. मोगऱ्याच्या बाबतीत हे सुखद असते. परंतु पेटीत ठेवलेली डांबराची गोळी काही महिन्यांत विरून जाते, ती कोठे जाते? कपड्यांत, खोलीत आणि घरातल्या माणसांच्या श्वासात.

या पांढऱ्या गोळ्या पुष्कळदा नॅफ्थलीन या रसायनाच्या असतात. कर्करोगावरील संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००२ साली त्याची गणना माणसाला कर्करोग होण्यास कारण ठरू शकणाऱ्या पदार्थांत केली. त्याहून निकटचा धोका तान्ह्या बाळाला आहे. आपल्याकडे बाळंतपण जवळ आले की आजीचे मऊ सुती लुगडे पेटीतून निघते, त्याची दुपटी होतात, आणि तेल लावून न्हाऊ घातलेल्या बाळाला त्यांत गुंडाळले जाते. ही रीत मायेची आहे. मात्र काही बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. मुलग्यांत ती अधिक आढळते आणि वरवर पाहून मुळीच ओळखू येत नाही. अशा बाळाच्या शरीरात नॅफ्थलीन गेले की तांबड्या पेशी झपाट्याने फुटू लागतात व बाळाला तीव्र कावीळ होऊ शकते. ती मेंदूपर्यंत पोहोचली, तर झालेली हानी आयुष्यभर भरून येत नाही. तेल लावलेल्या त्वचेतून हे रसायन अधिक सहज शोषले जाते, हेही ध्यानी असावे.

म्हणून बाळाच्या कपड्यांजवळ डांबराची गोळी कधीच ठेवू नये. जुने लुगडे वापरायचे असल्यास ते आधी काढून स्वच्छ धुवावे, कडक उन्हात वाळवावे, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय त्याची दुपटी करू नयेत. कसर लागते ती मुख्यतः घामाचे वा अन्नाचे डाग राहिलेल्या लोकरी-रेशमी वस्त्रांना. ती धुऊन, वाळवून, घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवली व अधूनमधून झटकली, तर गोळ्यांवाचून निभते. गोळ्यांऐवजी कापूर ठेवावा, असे कोणी सुचवील. परंतु तो देवघरातला म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. रांगत्या मुलाने कापराची वडी गिळली, तर त्याला झटके येऊ शकतात.

दुसरा धोका मोरीतला. डाग निघत नाही म्हणून आधी ब्लीच आणि त्यावर संडास धुण्याचे अ‍ॅसिड ओतणे, हा प्रकार पुष्कळ घरांत चालतो. या दोहोंच्या संयोगाने क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच. तो हवेहून सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि उकिडवे बसून फरशी घासणारीचा चेहरा नेमका तेथेच असतो. एका वेळी एकच द्रव्य वापरावे, दार-खिडकी उघडी ठेवावी, आणि कामाला येणाऱ्या बाईंनाही हे समजावून सांगावे. बाटलीवरची बारीक अक्षरे त्यांच्यासाठी कोणी वाचून दाखवत नाही. चुकून मिश्रण झालेच, तर वर आणखी काही न ओतता तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे. खोकला वा धाप थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जावे.

तिसरा धोका रात्रीचा. डासांसाठी जाळावयाच्या वेटोळ्या कॉईलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे मोजमाप २००३ साली प्रसिद्ध झाले. एका कॉईलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके कण निघतात, असे त्यात आढळले. दारे-खिडक्या लावून मुलांच्या उशाशी ती जाळण्यापेक्षा मच्छरदाणी बरी. जोडीला खिडक्यांना जाळी लावावी आणि कुंड्यांच्या ताटल्यांतले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकावे.

घरातली प्रत्येक बाटली फेकून द्यावी, असा याचा अर्थ नाही. साबण, पाणी, काथ्या आणि ऊन यांनी जे काम होते तेथे तीव्र रसायन आणू नये, आणि आणलेच तर त्याचे नाव, गुण व वैर जाणून घ्यावे, एवढेच सांगणे. घरात कोणी गर्भवती असेल, तर मात्र दिवाळीच्या आवराआवरीची वाट न पाहता ती जुनी पेटी आजच उघडावी.

पुढील अंकी कुंकू आणि शेंदूर यांत आढळणाऱ्या शिशाविषयी.