टमी टक : लपवून करावयाची शस्त्रक्रिया नव्हे



येवल्यातील एक भगिनी मध्यंतरी भेटावयास आल्या. घरच्या पैठणीच्या पेढीवर त्या रोज बसतात. जुळ्या मुलांच्या जन्माला सात वर्षे झाली, वजन आटोक्यात आले, पण पोट काही पूर्ववत झाले नाही. साडीची घडी उलगडून दाखवीत असता एखादी गिऱ्हाईक बाई सहज विचारते, "कितवा महिना?" त्या हसून विषय बदलतात. सायंकाळपर्यंत कंबर धरून येते. नाशिकच्या शल्यविशारदांनी त्यांना 'टमी टक' ही शस्त्रक्रिया सुचविली होती आणि त्यांनी मनाशी बेतही आखला होता. "घरी काही सांगणार नाही. आठ दिवस माहेरी जाते म्हणेन आणि नवव्या दिवशी गादीवर बसेन."

हा नववा दिवस शक्य नाही, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहे, कारण असा बेत आखणाऱ्या त्या एकट्या नसाव्यात.

प्रथम ही शस्त्रक्रिया म्हणजे काय ते पाहू. पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी एक चिवट पट्टी असते. गर्भारपणात ही पट्टी ताणली जाते. बहुतेक स्त्रियांत ती पुष्कळशी सावरते, काहींत सैलच राहते. ताणा सैल पडला तर बाणा कितीही घट्ट ठोकला तरी वस्त्राला अंग येत नाही, हे येवल्यात कोणाला सांगावयास नको. अंतर थोडे असेल तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने चांगला गुण येतो. म्हणून आधी तो मार्ग पाहावा. त्याने भागत नसेल आणि कातडीही लोंबत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. तीत ओटीपोटाशी आडवा छेद घेतात, सैल पट्टी आतून शिवून स्नायू जवळ आणतात, जादा कातडी काढतात आणि बेंबी नव्या जागी बसवितात. पूर्ण भूल द्यावी लागते आणि साधारण दोन ते चार तास लागतात. हा वजन उतरविण्याचा उपाय नव्हे. वजन काही महिने स्थिर असावे आणि पुढे अपत्याचा विचार नसावा, अन्यथा केलेले काम पुन्हा ताणले जाते.

शल्यविशारदाची निवड नात्यागोत्यातील शिफारशीवर सोडू नये. प्लास्टिक सर्जरी ही स्वतंत्र विद्याशाखा आहे. आपल्या महाराष्ट्रात नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये तिचा स्वतंत्र विभाग उभारला. या शाखेची एम.सीएच. किंवा तत्सम पदवी आहे का, आणि रुग्णालयात भूलतज्ज्ञ व रात्रीची सोय आहे का, हे विचारण्यात संकोच नको. आपण दुकानात मालाची पारख करतो, मग येथे का करू नये?

आता आपल्या आचारधर्माचा प्रश्न. तो शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नव्हे, पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे मांडावा. पुष्कळ औषधांच्या कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. त्याऐवजी गोळी किंवा वनस्पतिज आवरणाची कॅप्सूल मिळते का, हे पाहता येते. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन वर्गातील इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून बनते. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिम औषधही उपलब्ध आहे, मात्र ते आपल्या प्रकृतीस योग्य की नाही हे डॉक्टरच ठरवतील. कॅटगट नावाचा टाक्यांचा धागा आतड्यांपासून होतो, त्याऐवजी कृत्रिम धागे सर्रास वापरले जातात. वेळीच विचारले तर बहुतेक गोष्टींची सोय होते. ऐनवेळी पर्याय नसेल आणि प्राणाचा प्रश्न असेल, तर हट्ट धरू नये.

तपाचेही तसेच. वर्षीतप, अठ्ठाई किंवा मासखमण झाल्यानंतर लगेच ही शस्त्रक्रिया करू नये. जखम भरण्यास प्रथिने आणि रक्त लागते, आणि दीर्घ तपानंतर शरीराची ती शिल्लक कमी झालेली असते. पारण्यानंतर काही महिने नियमित आहार घ्यावा, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतरही जखम पूर्ण भरेपर्यंत उपवास, आयंबिल नको. मूग, तूर, हरभरा, दूध, पनीर यांतून, द्विदलाचा नियम सांभाळूनही, पुरेशी प्रथिने मिळतात. चौविहार पाळणाऱ्यांनी औषधांच्या वेळा सूर्योदय ते सूर्यास्त या मर्यादेत बसतात का ते डॉक्टरांना विचारावे आणि दिवसा भरपूर पाणी प्यावे. पहिल्या काही रात्री ते जमले नाही तर पूज्य साधू-साध्वीजींना आधीच विचारून ठेवावे. पच्चक्खाणात आगार ठेवले आहेत, ते उगीच नव्हेत. मात्र स्वतःच्या मनाने रात्रीची गोळी वगळू नये. तंबाखू, गुटखा, मिशरी यांतील कोणतीही सवय असेल तर किमान महिनाभर आधी पूर्ण सोडावी. तिने रक्तवाहिन्या आकसतात आणि शिवलेली कातडी काळी पडून मरू शकते.

शस्त्रक्रियेनंतर एक ते तीन दिवस रुग्णालयात राहावे लागते. त्वचेखाली साचणारे पाणी वाहून जावे म्हणून बऱ्याचदा नळ्या बसवितात, त्या काही दिवस राहतात. पोटावर घट्ट पट्टा साधारण सहा आठवडे लागतो. पहिल्या आठवड्यात कंबरेत वाकूनच चालता येते, झोपतानाही पाठीखाली आणि गुडघ्यांखाली उशा घ्याव्या लागतात. तरीही पहिल्याच दिवसापासून, आधार घेऊन का होईना, थोडे थोडे चालावे. अंथरुणास खिळून राहण्यात गुठळीचा धोका असतो. खोकला आला तर पोटाशी उशी धरावी, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. बसून करावयाची हलकी कामे दोन-तीन आठवड्यांनी जमतात. सहा आठवडे मात्र चार-पाच किलोहून अधिक काही उचलावयाचे नाही. पाण्याची कळशी, साड्यांचा गठ्ठा, झोपलेले मूल, सारे यात आले. सामायिकाची ४८ मिनिटे जमिनीवर मांडी घालून बसणे आणि खमासमणासाठी वाकणे हेही तोपर्यंत नको. खुर्चीवर बसून किंवा पडल्या पडल्या जाप होतो. सूज उतरण्यास तीन ते सहा महिने, व्रण फिका पडण्यास वर्षभर किंवा अधिक काळ लागतो. तो पुसून जात नाही. ओटीपोटाचा बधिरपणाही बरेच महिने राहतो.

काही लक्षणे घरातील प्रत्येकास ठाऊक असावीत. एका पायाची पोटरी सुजून दुखणे, एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे, ताप, टाक्यांभोवती पसरणारी लाली, दुर्गंधीयुक्त स्राव, पोट एका बाजूस अचानक फुगणे किंवा कातडी काळी पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. धाप किंवा छातीत दुखणे असल्यास थेट १०८ क्रमांकाला फोन करावा. येवल्याहून नाशिक ८० किलोमीटरहून दूर आहे, म्हणून पहिला आठवडा नाशिकला नातलगांकडे राहिलेले बरे.

खर्चाचेही आधीच ध्यानात घ्यावे. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही आणि तिच्यावर जी.एस.टी. लागतो. सोबत हर्निया असेल तर त्या भागापुरता दावा मान्य होऊ शकतो, पण विमा कंपनीकडून आधी लेखी घ्यावे.

"हे देहाचे लाड नव्हेत का?" त्या भगिनींनी शेवटी विचारले. कंबरदुखी, घडीखाली चिघळणारी कातडी, हर्निया ही दुखणी आहेत आणि दुखण्यावर उपाय करणे म्हणजे लाड नव्हेत. केवळ आरशासाठी करावयाचे असेल, तर एका सामायिकात आपल्याशीच शांतपणे विचार करावा. उत्तर काहीही येवो, ते आपले असावे, गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचे नसावे. पण करावयाचे ठरले, तर लपवून मात्र होत नाही. डॉक्टर चार तास शिवतात, पुढचे सहा आठवडे ते टाके घर सांभाळते. ज्या घराला ठाऊकच नाही, ते कळशी उचलावयास सांगणारच.

त्यांनी धीर करून सासूबाईंना सांगितले. सासूबाईंनी एकच प्रश्न केला, "किती दिवस उचलायचे नाही?" आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढून पौष महिना उघडला. पौषात लग्ने नसतात, पेढीवर गर्दी कमी, थंडीत पट्टाही जाचत नाही. सहा आठवड्यांवर त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली आणि खाली लिहिले, "गादीवर मी बसेन."