चार दिवस, चौदा पॉइंट

मोटरहोम भाड्याने घेऊन कोकणात उतरणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी आपल्या याद्या कृपा करून मला दाखवू नयेत. हर्णै, हेदवी, गणपतीपुळे, कशेळी, विजयदुर्ग, मध्ये अमका बीच, तमका व्ह्यू-पॉइंट. चार दिवसांत चौदा ठिकाणं! ही सहल नव्हे, वसुलीची फेरी आहे. अरे, घर सोबत घेऊन निघालात ना? मग चेक-आउटची वेळ टळल्यासारखे पळताय कशाला?

कोकणात कुठे थांबायचं हे ठरवताना विचारायचं एवढंच, की तिथे किती वाजता असायला हवं. याद्यांमध्ये नेमका तोच रकाना नसतो. हर्णैच्या बंदरात माशांचा लिलाव सकाळी आणि उन्हं कलल्यावर रंगतो. हे पोचणार भर दुपारी, वाळत घातलेली जाळी बघून नाकं मुरडणार आणि 'ओव्हररेटेड' म्हणून निघणार. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हाही लिलाव शोधणारे महाभाग येतातच. हेदवीची बामणघळ म्हणजे कातळातली अरुंद फट. भरतीचं पाणी आत घुसलं की फवारा उंच उसळतो, ओहोटीला तिथे बघण्यासारखं काही नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या रविवारी मेव्हण्याला दिसली त्या वेळेला ती तुमच्यासाठी थांबणार नाही.

कशेळीच्या कातळशिल्पाची तर दयाच येते. सड्यावर कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती, त्याच्या अंगात मासे, पक्षी, जनावरं. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांतलं हे एक. पण उथळ रेघा त्या! डोक्यावर सूर्य असला की सगळं सपाट होतं. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की सोंड सुटी होते, पाय दिसायला लागतात. जवळच्या गावात परवानगीने रात्र काढून पहाटे सड्यावर जाता यावं, हाच तर चाकांवरच्या घराचा फायदा. आमचे पर्यटक तिथे बाराला पोचून ड्रोन उडवतात.

विजयदुर्गात ग्रहण पाहण्यासाठी बांधलेले 'साहेबाचे कट्टे' दाखवून हेलियम इथेच सापडला असं कोणीतरी ठोकून देतं, आणि वीस मिनिटांत सेल्फी काढून मंडळी निघतात. हेलियमचा शोध ज्याच्या नावावर आहे तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर त्या शोधाच्या वेळी, १८६८ साली, होता इंग्लंडात. विजयदुर्गला तो आला १८९८ च्या जानेवारीतल्या खग्रास ग्रहणाला. जेमतेम दोनेक मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी माणूस समुद्र ओलांडून आला, आधीपासून तळ ठोकून बसला. याला म्हणतात वेळ साधणं!

नकाशाचं आणखी निराळंच. वाशिष्ठी ओलांडायला दाभोळ-धोपावे, शास्त्री ओलांडायला तवसाळ-जयगड. फेरीबोटीची रांग यांच्या हिशेबात शून्य मिनिटांची. फोन दाखवेल त्या गल्लीत गाडी घालायची आणि पुढे पाखाडीच्या पायऱ्या लागल्या की हॉर्न वाजवायचा. दोन्ही अंगांना चिऱ्याचे गडगे, वर आंब्याची फांदी आणि विजेची तार, मागे शाळेच्या वेळेची एसटी. "अहो साहेब, ही गाडी मागे घ्या आधी, पोरं खोळंबलीयत," म्हणणाऱ्या कंडक्टरवर डोळे वटारणारा यांतलाच एक मी पाहिलाय. मोठी गाडी हमरस्त्यालगत लावून रिक्षाने किंवा पायी गावात शिरलं तर इभ्रत जाते काय?

तेव्हा चौदातली दहा नावं खोडा. कोणतीही दहा, फारसं बिघडत नाही. उरलेल्या चारांपुढे भरतीची वेळ, उन्हाची वेळ, लिलावाची वेळ लिहा आणि मग किल्लीला हात लावा.

आणि हो, एक ठिकाण वाढवा. सांडपाण्याची टाकी सुरूच्या बनात उघडून मोकळे होणारे तुमच्यातलेच आहेत. राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्येच आणलंय. ती टाकी रीतसर कुठे रिकामी करता येईल, हे निघण्याआधी फोन करून विचारायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.