ध्रुवावरचा बर्फ आणि आपली पंगत

‘उत्तर ध्रुवाच्या बर्फात प्लास्टिक सापडले, त्याचे औशाला काय?’ असा प्रश्न आपल्याकडील शहाणीसुरती माणसेही विचारतात. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या गाडीच्या १० वाघिणींतील ५ लाख लिटर पाण्याकडे जे डोळे लावून बसले, त्या जिल्ह्याने आर्क्टिकच्या हिमाची चिंता वाहावी, ही अनेकांना थट्टाच वाटेल. परंतु हाच प्रश्न पुढे करून आपण आपल्या दारातील घाण झाकतो. म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

जर्मनीतील आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत आर्क्टिकच्या समुद्रबर्फात काही ठिकाणी लिटरमागे तब्बल १२,००० प्लास्टिककण आढळले. पाणी गोठताना कण बर्फात अडकतात, बर्फ वाहत दूर जातो आणि वितळला की ते पुन्हा समुद्रात मोकळे होतात. बर्फाच्या तळाशी वाढणाऱ्या शेवाळातही ते साचतात. त्या शेवाळावर बारीक जीव जगतात, त्यांच्यावर मासे आणि माशांवर सील. आपले ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून ज्या स्वालबार्ड बेटांवर आहे, तेथे आकाशातून पडणाऱ्या हिमातही हे कण मिळाले आहेत. ते वाऱ्याने नेले. आर्क्टिकच्या पाण्यातील कणांत सर्वाधिक भरणा कृत्रिम धाग्यांचा, त्यातही पॉलिएस्टरचा, असे २०२१ च्या एका अभ्यासात दिसले. हा धागा कपडे धुताना झडतो. (गरिबाने पॉलिएस्टर सोडावे, असे सांगण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. सुती कापड महाग, आणि टेरिकॉट वर्षानुवर्षे टिकते.)

औशाची पिशवी ध्रुवापर्यंत पोहोचली, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. तावरजा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला, एवढे मात्र शाळकरी पोरही सांगेल. पहिल्या पुराबरोबर आपल्या नाल्या कोठे रित्या होतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पापनिवेदनास गुडघे टेकणारा मनुष्य ‘माझ्या दगडाने नेमके कोणाचे डोके फुटले ते आधी दाखवा’, असे धर्मगुरूंना म्हणत नाही. प्लास्टिकच्या बाबतीत मात्र आपण पुराव्याची पावती मागतो!

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात प्लास्टिकचा वापर टाळण्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत केला आहे. परिच्छेद २११ कुणीही काढून पाहावा. राज्याची बंदी २०१८ ची, देशाची २०२२ ची. तरीही सणाच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात काय दिसते? थर्माकोलच्या ताटल्या, पाण्याचे पाऊच, चहाचे पेले. संध्याकाळी कुंपणामागे त्यांचीच होळी. पर्यावरणावरील प्रवचन ऐकून बाहेर आलेली तीच मंडळी ती पेटवतात.

यावर आपल्या भागातील ठरलेले उत्तर असे : ‘ताटे धुवायला पाणी आहे कोठे?’ दुष्काळाचा हा दाखला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो खरा असूनही लबाडीने वापरला जातो. पळसाच्या पत्रावळीला धुवावे लागत नाही. आपल्या आजोबांच्या पंगती १९७२ च्या दुष्काळातही तिच्यावरच उठल्या. जेवण झाले की ती शेळीपुढे किंवा उकिरड्यावर जाई, आणि पाऊस पडला की तिचे खत होई. ‘कागदी’ म्हणून आज जी पत्रावळ आपण घेतो, तिच्यावर बहुधा प्लास्टिकचा चकचकीत पापुद्रा असतो. तो शेळीच्याही पोटात राहतो. पाने वेचून चोया टोचणाऱ्या बाया आपल्याच गावकुसाबाहेरच्या होत्या. त्यांचे पोट आपण दोन रुपयांच्या सोयीसाठी मारले, आणि वर ‘निसर्गासाठी प्रार्थना’ असा हेतू मिस्सेत वाचतो.

धर्मग्राम मंडळांनी येत्या सणाआधी पळसाच्या पत्रावळींची मागणी आगाऊ नोंदवावी आणि पाण्यासाठी आवारात माठ ठेवावेत. खर्च वाढेल. तो मंडपाच्या रोषणाईतून कापावा.