खाकीचा मूळ रंग

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्करी मोटारी हुडकून त्यांना पुन्हा जुने रूप देणारे हौशी लोक इंग्लंडात पुष्कळ आहेत. पत्र्याचे त्यांना फारसे कोडे पडत नाही. पापुद्रे खरवडले की खालचा रंग सापडतो. हिरव्या रंगद्रव्याच्या टंचाईपायी १९४२ साली मोटारी तपकिरी झाल्या, १९४४ साली ऑलिव्ह हिरव्या, हेही त्यांना पाठ असते.

घोडे पेंड खाते ते टपावरच्या कॅनव्हासपाशी! ते उन्हापावसाने विटते, फाटते, बदलले जाते. काळ्यापांढऱ्या छायाचित्राला विचारावे, तर तिथे हिरवा नि तपकिरी दोघेही करड्याच वेषात उभे. मग ही मंडळी शिवण उसवतात. दुमडीच्या आत, पट्ट्याखाली, जिथे ऊन कधी पोचलेच नाही, तिथे बोटभर मूळ रंग दडलेला असतो.

आणि त्याचे नाव? ‘खाकी’. फारसीतल्या ‘खाक’चे, म्हणजे धुळीचे, हे लेकरू हिंदुस्थानातून विलायतेला गेले आणि तिथे ‘खाकी हिरवा, क्रमांक ३’ झाले. हिरवी धूळ कुणी पाहिली आहे का हो?

माझे विचाराल, तर ती बोटभर चिंधी अख्ख्या नव्या ताडपत्रीहून मोलाची. रंगाऱ्याला नमुना खुशाल दाखवावा; पण तिच्यावर नवा रंग चढवू देऊ नये.