भूखंड दिला, पण जुन्या घराचे काय?

नेसरीजवळची आमची घटप्रभा काय किंवा कोल्हापूरची पंचगंगा काय, पावसाळ्यात नदी पात्राबाहेर येणारच. प्रश्न आहे तो तिच्या वाटेत उभ्या असलेल्या घरांचा.

करवीर तालुक्यातील प्रयाग चिखलीचेच पाहा. १९८९ च्या महापुरानंतर चिखली-आंबेवाडीच्या ग्रामस्थांना सोनतळीच्या माळावर भूखंड मिळाले. तरीही गाव पूर्णपणे उठले नाही. शेती नदीकाठी, गोठाही तिथेच; मग माळावर दुसरे घर बांधायचे कशाच्या जोरावर? २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांपुढे गेले, तेव्हा चिखली पुन्हा पाण्यात होती. २०२१ मध्येही तेच घडले.

अमेरिकेतील शार्लट शहराच्या परिसरात १९९९ पासून निराळा मार्ग अवलंबला गेला. पूरक्षेत्रातील घरे मालकांच्या संमतीने सरकारने विकत घेतली, पाडली आणि पाणी पसरायला जागा मोकळी ठेवली.

आपल्याकडे निळी आणि लाल पूररेषा नव्या बांधकामावर निर्बंध घालते. जुन्या घराचे उत्तर तिच्यापाशी नाही. माझे म्हणणे एवढेच की, भूखंडाबरोबर जुन्या घराची रास्त किंमत आणि गोठ्यापुरती जागाही द्यावी. शेती नदीकाठीच राहू द्यावी, वस्ती माळावर न्यावी. मात्र रिकाम्या झालेल्या जागेवर पुन्हा प्लॉट पडता कामा नयेत. तसे झाले, तर एकाला उठवून दुसऱ्याला बुडवल्यासारखेच होईल.