भारी इंजेक्शन की लागू पडणारे इंजेक्शन?

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : "डॉक्टरसाहेब, पैशांचे आम्ही पाहू, पण भारीतले भारी इंजेक्शन द्या." लोह्याहून नांदेडला किंवा लातूरला हलविलेल्या वडीलधाऱ्यांचे आप्त मलाही विचारतात, "इतकी महागडी इंजेक्शने चालू आहेत, तरी ताप का उतरत नाही?" या प्रश्नामागे माया असते, म्हणूनच त्याचे उत्तर समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रतिजैविकाची किंमत जिवाणूला कळत नाही. ते औषध त्या जिवाणूला लागू पडते किंवा पडत नाही, एवढेच खरे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांना २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात कार्बापेनेम गटातील औषधांना दाद न देणारे २४ जिवाणू आढळले आणि त्यांपैकी २२ जिवाणूंत 'एनडीएम-१' हे विकर होते. मेरोपेनेम, इमिपेनेम ही या गटातील औषधे गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवलेली; पण हे विकर त्यांचे रेणूच तोडून टाकते. शिवाय ते तयार करण्याची कला एक जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो.

अतिदक्षता विभागात असे जिवाणू अधिक का आढळतात? तेथील रुग्णाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, आधी अनेक प्रतिजैविके होऊन गेलेली असतात आणि श्वासनलिका, लघवीचा मार्ग व मोठी शीर यांतून नळ्या घातलेल्या असतात. जीव वाचविणारी नळीच जंतूंची वाट बनू शकते.

उपचारांचा क्रम असा असतो. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळत असेल, तर अहवालाची वाट पाहत बसता येत नाही. शक्य तेथे आधी रक्त, लघवी किंवा थुंकी कल्चरसाठी घेऊन तासाभरात व्यापक परिणामाचे प्रतिजैविक सुरू केले जाते. बहुधा दोन-तीन दिवसांत जिवाणू कोणता व तो कोणत्या औषधाला दबतो, हे कळते. त्यानुसार पुष्कळदा औषध बदलून नेमके, कधी साधे व स्वस्तही दिले जाते. "इंजेक्शन हलके केले" असे वाटून घरचे धास्तावतात; वास्तविक ती उपचारातील प्रगती असते.

अन्य औषधे निकामी ठरली, तर कोलिस्टिनसारख्या जुन्या औषधाकडे वळावे लागते. मूत्रपिंडाला इजा होते म्हणून ते एके काळी मागे पडले होते. वृद्धांची मूत्रपिंडे आधीच थकलेली असल्याने त्याची मात्रा मोजूनमापून द्यावी लागते. आणि पू साठलेला असेल किंवा नळीच दूषित झाली असेल, तर तो पू काढल्याशिवाय, ती नळी बदलल्याशिवाय कोणतेही औषध पुरे पडत नाही.

कल्चरमध्ये जंतू आढळला म्हणजे तो आजाराचे कारण असतोच असेही नाही. दीर्घकाळ नळी असलेल्या वृद्धाच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप किंवा अन्य लक्षणे नसतील, तर बहुधा औषध लागत नाही. तेव्हा केवळ अहवाल पाहून गोळ्यांचा आग्रह धरू नये.

आप्तांच्या हाती काय आहे? पुष्कळ काही. गेल्या तीन महिन्यांत कोणती प्रतिजैविके घेतली, कोठे दाखल होते, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे कागदावर लिहून डॉक्टरांना द्यावे. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुवावेत. भेटायला येणाऱ्यांची गर्दी आवरावी. "कल्चरचा अहवाल आला का? त्यानुसार औषध बदलायचे का? ही नळी आजही आवश्यक आहे का?" हे तीन प्रश्न नम्रपणे अवश्य विचारावेत. चांगल्या डॉक्टरला त्यांचा राग येत नाही.

खरी राखण मात्र घरापासून सुरू होते. पाकिटावर लाल उभी रेघ असलेले औषध चिठ्ठीवाचून घेऊ नये. सर्दी-पडशाला प्रतिजैविक मागू नये, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या आजीला देऊ नयेत. फ्लू व न्यूमोनियाच्या लसींविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

इतके सारे करूनही काही रुग्ण हाती लागत नाहीत, हे सांगणे जड जाते. पण ते लपविणे योग्य नव्हे. अशा वेळी "आपण पैसा कमी टाकला म्हणून माणूस गेला" हे ओझे मुलांनी आयुष्यभर वाहू नये. जिवाणूने औषधाची धार बोथट केलेली असते. तेथे मायेत उणे काहीच राहिलेले नसते.