आवाहनात वेळ लिहा

16 एप्रिल 2008 रोजी अलास्कातल्या जुनो शहराजवळ हिमस्खलन झालं आणि स्नेटिशम जलविद्युत केंद्राकडून येणारी पारेषण वाहिनी तुटली. तीस हजारांच्या आसपास वस्तीचं हे शहर बाहेरच्या कुठल्याही ग्रिडला जोडलेलं नाही. तिथे पोचायला रस्तासुद्धा नाही. डिझेल जनित्रं होती म्हणून अंधार झाला नाही, पण दर पाचपट होणार हे जाहीर झालं. दुरुस्तीला सहा आठवडे लागले. त्या काळात वीजवापर सुमारे 25 टक्क्यांनी उतरला.

दराचा चाप बसला, एवढंच म्हणून आपण मोकळे होतो. पण वाढीव बिलं घरोघरी पोचायच्या आधीच वापर घसरू लागला होता. अडचण काय आणि ती साधारण किती दिवसांची, हे लोकांना ठाऊक होतं. विजेचे ड्रायर बंद झाले आणि त्या पावसाळी गावात कपडे वाळत घालायचे चिमटे दुकानांतून संपले! एकेका घराने सरासरी दहा उपाय केल्याचं पुढे अभ्यासात दिसलं. दर पूर्ववत झाल्यावरही 8 टक्के बचत टिकली. आम्हाला 25 पेक्षा हा आकडा मोलाचा वाटतो.

आपल्याकडे दर रातोरात पाचपट करता येत नाही, करूही नये. महिन्याला साठ युनिट जाळणाऱ्याने पंखा बंद करायचा की दिवा? ब्राझीलने 2001 च्या टंचाईत 20 टक्के कपात मागितली तेव्हा शंभर युनिटांच्या आतल्या घरांना त्यातून वगळलं होतं.

आपली आवाहनं मात्र सरसकट सगळ्यांना, बारा महिने एकाच मजकुराची. ‘विजेचा वापर काटकसरीने करा’ हे वाचून कोण उठून बटण बंद करणार? ऊन उतरलं की सौरवीज जाते आणि घराघरांतले एसी सुरू होतात; ओढ असते ती संध्याकाळी. साडेसात अश्वशक्तीचा सोसायटीचा पंप त्याच वेळी तासभर चालला तर साडेपाच युनिटं गेली. तोच दुपारी चालवला, तर टाकी तेवढीच भरते आणि कुणाचं काही अडत नाही.

तेव्हा शाखा अभियंत्यांना विनंती, की उन्हाळ्याआधी फीडरनिहाय अशा पंपांची यादी करा. संदेश सोसायटीच्या सचिवाला आणि पंप चालवणाऱ्या वॉचमनला पाठवा, त्यात ‘सात ते दहा पंप नको’ असं स्पष्ट लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्या फीडरचा भार किती उतरला तेही त्यांना कळवा.